कोतवाल बुकातलं आडवं पान

नागपुरात सरकारी रेकॉर्ड रूममध्ये माझी एकोणतीस वर्षं गेली. इतक्या वर्षांत माझ्या हातून एकही कागद हरवला नाही, हे मी लोकांनी न विचारताही सांगत असे. जुने कागद आम्ही लाल कापडात बांधून ठेवतो, त्या गाठोड्याला रुमाल म्हणतात. कोणत्या रुमालात काय आहे हे मला रजिस्टर न बघता आठवायचं. साहेब बदलले, टेबलं बदलली, पण "बाईंना विचारा" हे वाक्य काही बदललं नाही. माणसाला गर्व व्हायला एवढं पुरतं.

आमच्याकडचा सगळ्यात मागणीचा कागद म्हणजे कोतवाल बुक. इंग्रजांच्या काळी गावचा कोतवाल जन्म-मृत्यूची नोंद ठेवायचा, कोणाच्या घरी काय झालं ते नाव आणि जात लावून. जातीचा दाखला पडताळून घ्यायचा तर पन्नास सालच्या आधीचा पुरावा लागतो. ज्यांचे आजे-पणजे शाळेतच गेले नाहीत, त्यांना या वह्यांशिवाय दुसरा आधार नाही. वह्या अशा झाल्या होत्या की पान उलटायला जावं तर हातात तुकडा यायचा. म्हणून दोन वर्षांपूर्वी त्या सगळ्या एका कंपनीकडून स्कॅन झाल्या आणि मूळ वह्या गुंडाळून गोदामात गेल्या. यापुढे उघडायच्या नाहीत, असा आदेश निघाला.

तेव्हापासून नक्कल कॉम्प्युटरवरून निघू लागली. गाव टाका, साल टाका, पान समोर. खाली नक्कल क्रमांक आणि एक ओळ आपोआप छापून यायची: "स्कॅन झाल्यापासून या पानात कोणताही बदल झालेला नाही." त्या ओळीखाली माझी सही. पान कॉम्प्युटरात आहे, एवढं मला कळत होतं, आणि त्यापलीकडे कळायची गरज आहे असं कोणी म्हटलं नव्हतं. दर शुक्रवारी बॅकअपची डिस्क रुमालात गुंडाळून मी स्वतः स्ट्राँगरूममध्ये नेऊन ठेवत असे. शिपायाच्या हाती कधी दिली नाही.

आता मे महिन्यातलं सांगते. नागपूरचा मे सांगायला नको. आमच्या इमारतीत एसी एकाच खोलीत होता, जिथे सर्व्हर नावाचं लोखंडी कपाट होतं. त्याला गरम झालेलं चालत नाही, आम्हाला चालतं. उन्हाळ्यात नकला मागायला फारसं कोणी येत नाही; निकाल लागले की रांग लागते. तेव्हा दुपारी जेवणानंतर काहीतरी निमित्त काढून मी त्या खोलीत बसायला लागले. पासवर्ड स्क्रीनच्या कडेला चिकटवलेला होता, माझ्याच अक्षरात.

बसल्या बसल्या एक दिवस मला ते फोल्डर सापडलं. आत हजारो फायली, आणि एकीलाही धड नाव नाही. आकडे आणि इंग्रजी अक्षरं, एकेक नाव वीतभर लांब, कशाचा कशाला मेळ नाही. उघडायच्याही नाहीत, कशानं उघडू, असं उलट मलाच विचारायच्या. फोटो बघायचा प्रोग्राम दाखवून दिला तेव्हा एक उघडली. कोतवाल बुकाचं पान. दुसरी उघडली, तेही तेच. माझ्या वह्या, ज्यांची मी इतकी निगा राखली, त्या कोणीतरी अशा बेवारशासारख्या ओतून ठेवल्या होत्या. मला रागच आला. कंपनीवाल्यांना रेकॉर्डमधलं काय कळणार, असं मी मनात म्हटलं आणि कामाला लागले.

मे संपला, जून गेला. एकेक फाइल उघडायची, गाव वाचायचं, साल वाचायचं, तसं नाव द्यायचं, गावाच्या फोल्डरमध्ये टाकायची. मी रुमाल बांधायचे तसंच. काही पानं स्कॅन करणाऱ्यानं आडवी टाकली होती, वाचायला मान वाकडी करावी लागायची. ती मी बटण दाबून सरळ केली आणि सेव्ह केली. मध्ये दोन-तीनदा खिडकीवरून निरोप आला की नक्कल निघत नाही. आम्ही "सर्व्हर डाऊन" म्हणून सांगितलं, कारण कशालाही आम्ही तेच सांगतो. सहा हजारांच्या वर पानं मी लावली. शेवटचं फोल्डर झालं त्या दिवशी साहेबांना बोलावून दाखवलं. साहेब नवीन होते, वयानं माझ्यापेक्षा लहान. "वा मॅडम, याला म्हणतात काम," असं ते म्हणाले. मी घरी जाताना जिलबी घेऊन गेले.

जुलैत ते काका आले. खापरखेड्याच्या वीज केंद्रात कोळशाच्या पट्ट्यावर काम करून निवृत्त झालेले, मूळ गाव मौद्याकडचं. नातीचा नर्सिंगला नंबर लागला होता. पडताळणीचं प्रमाणपत्र महिनाअखेरीपर्यंत दिलं नाही तर जागा जाणार होती. बाकी सगळे कागद जात पडताळणी समितीकडे गेले होते, फक्त काकांच्या वडलांच्या जन्माची नोंद अडली होती.

"मागच्या साली तुम्हीच दाखवली होती बाई मले," ते म्हणाले. "याच खिडकीतून. माह्या आज्याचं नाव, त्याच्यापुढं पुत्र झाला म्हणून."

मी गाव टाकलं, साल टाकलं. नोंद आली. वहीचा क्रमांक, पानाचा क्रमांक, सगळं बरोबर. पान उघडायला गेले तर "फाइल सापडत नाही." पुन्हा केलं. पुन्हा तेच. मग मी सर्व्हरच्या खोलीत जाऊन माझ्या फोल्डरमध्ये बघितलं, तर पान तिथे स्वच्छ, सरळ, त्यांच्या आज्याच्या नावासकट. मी काकांना आत बोलावून ते दाखवलंसुद्धा. ते स्क्रीनजवळ वाकले. नावापुढे जातीचा तो शब्द होता, जो त्यांच्या घरानं छप्पन साली दीक्षाभूमीवर मागे टाकला. आमच्याही घरानं त्याच दिवशी टाकला होता. आता तोच शब्द दाखवल्याशिवाय पोरीचं काम होत नव्हतं.

"आहे ना पान," काका म्हणाले. "मंग छापून काहून नाही देता येत?"

"सिस्टिमले दिसून नाही राहिलं काका. सिस्टिममधून निघालं तरच त्यावर नंबर पडते. बिननंबराची नक्कल समिती घेत नाही."

"आपल्याले दिसून राहिलं, अन् तिले नाही दिसत?"

मलाही तेच विचारायचं होतं.

कंपनीचा इंजिनीअर दुसऱ्या दिवशी आला. चाळिशीचा, शांत माणूस, हेल्मेट मांडीवर घेऊन बसणारा. त्यानं फोल्डर उघडलं आणि यादी पार खालपर्यंत सरकवत नेली.

"मॅडम, नावं कोणी बदलवली?"

"मी."

"सगळी?"

"सगळी," मी म्हटलं. अजूनही मला वाटत होतं की तो कौतुक करेल.

मग त्यानं समजावून सांगितलं. मी ते तीनदा ऐकलं आणि तरी नीट कळलं असं म्हणवत नाही. "डेटाबेस म्हणजे रजिस्टर समजा. त्याच्यात पानाची फक्त नोंद राहते, गाव, साल, वही. पान स्वतः त्याच्यात नाही राहत. एकेक पान इतकं जड आहे की सगळी कोंबली तर रजिस्टर उघडायलेच अर्धा दिवस लागन. म्हणून पानं बाहेर, वेगळ्या डिस्कवर. रजिस्टरले एवढंच माहीत की कोणतं पान कोणत्या नावानं ठेवलं आहे."

"पण ती काय नावं होती का? कोणी ठेवली तशी?"

"कोणी नाही ठेवली. पानातूनच निघते. मशीन पूर्ण पान वाचते अन् त्याच्यावरून नाव काढते. तेच पान दहा वेळा वाचलं तरी तेच नाव निघन. त्याच्यात एक ठिपका बदलला, की नाव दुसरं."

मी म्हटलं, राहू दे, आपल्याकडे बॅकअप आहे. दर शुक्रवारचं. मी स्वतः नेते.

"ते रजिस्टरचं आहे मॅडम."

"आणि पानांचं?"

"पानं बाहेर आहेत ना," तो म्हणाला. पानांचं बॅकअप आमच्या ऑफिसनं करायचं ठरलं होतं, असं त्याचं म्हणणं. ज्या साहेबांशी ठरलं त्यांची बदली झाली होती. म्हणजे दोन वर्षं मी रुमालात गुंडाळून, छातीशी धरून जे नेत होते, त्यात एकही पान नव्हतं. मला हसावं की रडावं कळेना. मी पाणी पिऊन आले.

इंजिनीअर म्हणाला, घाबरू नका, नाव पानातूनच निघत असल्यानं मशीनला पुन्हा सगळी पानं वाचायला लावू, म्हणजे ज्याचं त्याचं नाव परत निघेल. त्यानं प्रोग्राम लावला आणि चहाला गेला. मी तिथेच बसून राहिले. माझ्या दोन महिन्यांच्या मेहनतीची नावं एकेक करून पुसली जात होती आणि तिथे पुन्हा ती वीतभर अक्षरं येत होती, आणि मी देवाचे आभार मानत होते. दीड-दोन तासांत सगळी पानं परत जागेवर आली. चारशे सोडून.

कोणती चारशे, हे त्यानं विचारायच्या आधी माझ्या लक्षात आलं. जी मी सरळ केली होती ती. काकांचं पान त्यात होतं.

"मग सोपं आहे," मी म्हटलं. "मी उजवीकडे वळवलं. तुम्ही डावीकडे वळवा. झालं."

त्यानं वळवलं, सेव्ह केलं, नाव काढलं. ते तिसरंच निघालं. मूळचंही नाही, सरळ केलेल्याचंही नाही.

"असं कसं?"

"सेव्ह करताना मशीन पान नव्यानं लिवते मॅडम. दिसायले तेच. आतून तेच नाही राहत."

मी त्या दोन पानांकडे बघत राहिले. शाईचा तोच डाग, तीच वाळवीची रेघ, त्याच कोतवालाचं तिरकं अक्षर. घरात खाट फिरवून ठेवली आणि पुन्हा जागेवर आणली तर ती दुसरी खाट होत नाही. मी हे त्याला म्हटलं. तो म्हणाला, बरोबर आहे तुमचं, आणि तरी नाव काही जुळलं नाही. मला त्याचा राग येत होता, मशीनचा येत होता, पण खरं तर सगळ्यात जास्त माझ्या त्या बटण दाबणाऱ्या बोटाचा येत होता. कोणी सांगितलं होतं मला?

साहेबांनी मार्ग काढला. पान नवीन स्कॅन म्हणून चढवा, सिस्टिम त्याला नवीन नाव देईल, नक्कल निघेल, विषय संपला. इंजिनीअरनंही मान हलवली. पाच मिनिटांचं काम होतं आणि पाच मिनिटांतच झालं. काका बाकावर बसले होते. प्रिंटरमधून नक्कल आली, क्रमांक आला, आणि खाली ती ओळ: "स्कॅन झाल्यापासून या पानात कोणताही बदल झालेला नाही."

मी पेन हातात घेतलं आणि थांबले. आजवर हजारो नकलांवर सही केली, ती ओळ एकदाही वाचली नव्हती. आता वाचली. मशीनच्या हिशेबानं ती खरी होती. पान आजच चढलं, आजपासून बदल नाही. मघाशी हेच मशीन म्हणत होतं की पान बदललं आहे, तेव्हा मी भांडत होते की काही बदललं नाही. आता ते म्हणत होतं बदललं नाही, तर मला ठाऊक होतं की मी बदललं. यातलं खरं काय, हे मला त्या क्षणी कोणी विचारलं असतं तर मी शपथेवर सांगू शकले नसते. पण वळवलं कोणी, हे मला पक्कं माहीत होतं.

मी ती ओळ खोडली. खाली लिहिलं, "मूळ स्कॅन आडवे होते. वाचता यावे म्हणून ते मी उजवीकडे वळवून सेव्ह केले. मजकुरात बदल नाही." आणि सही केली, पदनाम घातलं, शिक्का मारला.

साहेब म्हणाले, "मॅडम, कोणी विचारलं नसतं." ते चिडून नाही म्हणाले. त्यांना खरंच नवल वाटलं होतं.

काकांनी नक्कल हातात घेतली आणि खोडलेल्या ओळीवर बोट ठेवलं. "हे काय केलं बाई?"

मी सांगितलं.

"पण नाव तर माह्या आज्याचंच आहे ना?"

"त्यांचंच आहे."

"मंग हे खोडून काहून ठेवलं? सरकारी कागदावर खाडाखोड दिसली की तिथं बाजूले काढून ठेवते. मी उभा जन्म पाहून राहिलो. पोरीचे सहा दिवस उरले आता."

मी म्हटलं, ही ओळ तशीच ठेवली आणि ती खोटी आहे हे पुढे कोणी शोधून काढलं, तर नातीची लागलेली नोकरी जाईल. हे मी बोलले खरं, पण बोलताना मला जाणवत होतं की मी नातीचा विचार करून पेन चालवलं नव्हतं. मी माझ्या सहीचा विचार केला होता. काका नक्कल पिशवीत घालून गेले.

ते म्हणाले तसंच झालं. समितीत त्यांची फाइल बाजूला निघाली. तिसऱ्या दिवशी मला बोलावणं आलं. तिथल्या अधिकारी बाई वयानं माझ्याच बरोबरीच्या होत्या. त्यांनी नक्कल समोर ठेवून विचारलं, "ही टीप तुमची?"

"माझी."

"पान काहून वळवलं?"

"वाचायला मान वाकडी करावी लागायची म्हणून."

त्यांनी टीप पुन्हा वाचली. म्हणाल्या, "रोज ढिगानं नकला येतात. सगळ्यांवर लिहिलेलं असतं बदल नाही, आणि आम्ही पुढे जातो. तुम्ही लिहिलं बदल केला. आता मला मूळ वही पाहिल्याशिवाय सही करता येत नाही." आवाजात ना कौतुक होतं ना राग.

गोदामातून वही आणायला परवानगी लागली. परवानगीला एक दिवस, वही शोधायला एक दिवस. ती मीच शोधली, कारण रुमाल कोणता हे मलाच आठवत होतं. पंचांसमोर ती उघडली. मी श्वास धरून पान उलटलं. आज्याचं नाव, पुत्र झाला, तारीख, सगळं जुळलं. पान परत ठेवताना त्याचा खालचा कोपरा माझ्या बोटांत राहिला. त्यावर काही लिहिलेलं नव्हतं. अधिकारी बाईंनी तो कागदाच्या पाकिटात घालून वर नोंद केली आणि प्रमाणपत्रावर सही केली. तो महिन्याचा शेवटचा दिवस होता.

पुढच्या आठवड्यात मला कारणे दाखवा नोटीस मिळाली. परवानगीशिवाय अभिलेखात फेरफार केल्याबद्दल खुलासा सादर करावा. मी खुलासा लिहायला बसले तर पहिलंच वाक्य जमेना. फेरफार केला म्हणू, तर पान तेच आहे. नाही म्हणू, तर मीच तसं लिहून दिलं आहे. उरलेली तीनशे नव्याण्णव पानं तर अजून तशीच पडली होती.

तेव्हाच काका आले. मला वाटलं, काम झालं म्हणून सांगायला आले असतील. मी उठून उभी राहिले.

"झालं काम," ते म्हणाले. "शेवटच्या दिवशी पाच वाजता कागद दिला पोरीनं. कॉलेजवाले खिडकी बंद करत होते."

"बरं झालं काका."

"हो, झालं." त्यांनी टेबलावरची माझी नोटीस पाहिली, पण विचारलं नाही. "तुम्ही खरं लिवलं, मी नाही म्हणत नाही. तुम्हाले लिवावं वाटलं. पण चार दिवस पोरगी जेवली नाही. तिची माय तिच्या दारापुढं झोपली, पोरगी काही करून घेईन म्हणून. हे कोणत्या कागदावर लिवता बाई तुम्ही?"

मी त्यांना बसा म्हटलं. ते बसले नाहीत. त्यांची खापरखेड्याची बस होती.